गोष्टींचं संकेतस्थळ सुरू करण्याआधी चित्रं कुठून आणायची आणि त्यांचा पैसा कसा उभा करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघी मैत्रिणींनी मुलांसाठी मराठी गोष्टींचं संकेतस्थळ तयार केलंय. ४० गोष्टी लिहून, तपासून झाल्यात. काही जुन्या लोककथा आहेत, बऱ्याचशा नव्या आहेत. अडलंय ते चित्रांपाशी. हाताशी ६० हजार रुपये आहेत आणि दिवाळीला स्थळ सुरू करायचंय. चित्रकार कुठे शोधायचे, नवोदितांकडे फुकट चित्रं मागावीत का, इंटरनेटवरची किंवा एआयची चित्रं चालतील का, लोकवर्गणी काढली तर जमेल का, आणि तुमच्यातल्या एकीचा भाऊ अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाकडून पैसे गोळा करून पाठवतो म्हणतोय, ते घ्यावेत का, हे तुम्ही विचारलंय.

दिवाळी अंक, मुलांची पुस्तकं आणि अलीकडे संकेतस्थळं यांच्यासाठी चित्रं करून घेण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरतं: आधी स्वतःच्या पैशातून थोडी, पण पूर्ण आणि चांगली चित्रं करून घ्या, आणि मग ती हातात घेऊन उरलेल्या चित्रांसाठी लोकांपुढे जा. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. कल्पना सांगून वर्गणी मागतात आणि पैसे जमले की चित्रकार शोधू म्हणतात. मुलांच्या गोष्टींचं नुसतं वर्णन ऐकून कुणी खिशात हात घालत नाही. चित्र पाहिल्यावर घालतो.

म्हणून ४० गोष्टी एकदम सुरू करायचा विचार आधी सोडून द्या. १२ निवडा. ज्या तुम्हाला सगळ्यात आवडतात त्या निवडू नका, ज्यांत डोळ्यांसमोर काहीतरी घडतं त्या निवडा. एखादी गोष्ट संवादावर उत्तम चालते, पण तिच्यात चित्राला धरायला काही नसतं. ती नंतर येऊ दे. उरलेल्या २८ दर पंधरवड्याला एक अशा आल्या तर स्थळ वर्षभर जिवंत राहील. एका दिवशी ४० गोष्टी टाकून पुढे सहा महिने गप्प बसलेलं स्थळ मुलं विसरून जातात.

आता ६० हजारांचा हिशोब. पुढचे दर केवळ उदाहरणासाठी धरलेत. चित्रकाराचा अनुभव, शैली आणि गाव यांनुसार ते बरेच बदलतात, आणि दर नेहमी चित्रकाराला विचारून ठरवावा. समजा प्रत्येक गोष्टीला एक मोठं रंगीत चित्र ३,५०० रुपयांना आणि दोन छोटी रेखाटनं प्रत्येकी ५०० रुपयांना, म्हणजे एका गोष्टीला ४,५०० रुपये. बारा गोष्टींचे ५४ हजार झाले. काम देण्याआधी दोन चित्रकारांकडून एकेक नमुना करून घ्या आणि त्याचेही पैसे द्या, समजा प्रत्येकी दीड हजार. झाले ५७ हजार. उरलेले ३ हजार हातचे राखून ठेवा, कारण एखादं चित्र पुन्हा करून घ्यावं लागतंच.

नमुन्याचे पैसे द्या हे मी मुद्दाम सांगते. ‘आधी एक करून पाठवा, आवडलं तर काम देऊ’ ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. तिच्यामुळे चांगली माणसं पहिल्याच निरोपाला दूर होतात. तुमच्याकडे येतात ते घाईत काहीतरी उरकून पाठवणारे.

फुकट मागण्याबद्दलही हेच. ‘तुमचं नाव होईल’ हे वाक्य प्रत्येक तरुण चित्रकाराने इतक्यांदा ऐकलंय की ते वाचूनच तो निरोप बंद करतो. अजून सुरूच न झालेल्या स्थळावर नाव होणार तरी कुणासमोर? व्यवहार म्हणून पाहिलं तरी फुकट चित्र महाग पडतं. पैसे दिलेले नसले की तारीख सांगता येत नाही, दुरुस्ती मागता येत नाही, आणि चित्रकाराला पैशाचं काम आलं की तुमचं मागे पडतं, ज्यात त्याचा काही दोष नसतो. पैसे कमी असतील तर चित्रं कमी मागा, एका रंगात मागा, आकार लहान ठेवा, मुदत लांब द्या. हे सगळं प्रामाणिकपणे बोलता येतं आणि चित्रकार ते समजून घेतात. कुणी आपणहून, प्रेमाने फुकट देत असेल तर जरूर घ्या, पण लिखापढी तिथेही करा.

चित्रकार शोधायला इन्स्टाग्राम आणि चित्रकार आपलं काम मांडतात ते बिहान्स हे संकेतस्थळ आहेतच, त्यावर फार सांगण्यासारखं नाही. मी आधी घरातले जुने दिवाळी अंक काढते. श्रेयनामावलीत मांडणी, मुखपृष्ठ, आतली चित्रं यांची नावं असतात, चित्राच्या कोपऱ्यात सही असते. ही मंडळी मराठी मजकूर वाचून चित्र काढणारी आहेत, आणि तुमच्या कामाला हा गुण सगळ्यात मोलाचा आहे. दुसरी जागा म्हणजे कला महाविद्यालयं. मुंबईतली सर जे. जे. उपयोजित कला संस्था, पुण्यातलं अभिनव, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय महाविद्यालयं, कोल्हापुरातलं कलानिकेतन, पणजीत आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय. यांची वार्षिक प्रदर्शनं भरतात तेव्हा स्वतः जा. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम भिंतीवर असतं आणि शिक्षक तिथेच भेटतात. ‘गोष्ट सांगणारं चित्र कोण काढतं?’ असं शिक्षकांना विचारलंत तर ते नेमकं नाव देतात.

तिसरी जागा कुणाच्या फारशी लक्षात येत नाही: शाळेतले चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवणारी ही माणसं रोज मुलांमध्ये असतात. आठ वर्षांचं मूल कसं बसतं, दप्तर कसं ओढतं, रुसल्यावर मान कुठे वळवतं, हे त्यांच्या हातात मुरलेलं असतं. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या सरांच्या वहीत मी जी मुलं पाहिली आहेत, तशी जिवंत मुलं मोठ्या शहरातल्या झकपक पोर्टफोलिओत क्वचित दिसतात.

लोककथांसाठी आणखी एक विचार. वारली किंवा चित्रकथीच्या ‘धर्तीवर’ शहरातल्या कुणाकडून काढून घेऊ नका. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातली चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची परंपरा अजून चालू आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यानंतरची पिढी पालघर-डहाणू भागात काम करते आहे. दोन लोककथा या दोहोंपैकी एखाद्या कलावंताकडेच द्या, त्यांनाही बाकीच्यांइतकेच पैसे द्या, आणि गोष्ट त्यांच्या पद्धतीने मांडू द्या. तुमच्या चौकटीच्या मापात त्यांना कोंबू नका. स्थळाची चौकट त्या दोन गोष्टींपुरती बदला.

निवड करताना एकच परीक्षा घ्या. चित्रकाराच्या कामात एकच पात्र तीन वेगवेगळ्या प्रसंगांत दिसतं का ते बघा. सुंदर एकेकटी व्यक्तिचित्रं खूप जणांना जमतात, पण तीच मुलगी पहिल्या चित्रात धावताना, दुसऱ्यात रडताना आणि तिसऱ्यात पाठमोरी असतानाही तीच वाटली पाहिजे. नमुन्यासाठीही हेच मागा. आणि १२ गोष्टींना आठ चित्रकार घेऊ नका. दोन पुरेत, लोककथांचे धरून तीन. प्रत्येक गोष्ट वेगळ्या हाताची असली की स्थळाला स्वतःचा चेहरा राहत नाही.

काम सोपवताना पूर्ण गोष्ट द्या, सारांश देऊ नका. सोबत एका पानावर लिहा की गोष्ट कुठल्या भागातली आहे, ऋतू कोणता, मुलाचं वय काय, घर कसं आहे. सोलापूरकडची गोष्ट असेल तर शेतात ज्वारी हवी, भात नको. आजी नऊवारीत असेल तर नेसण कुठली, कोळणीची की देशावरची, तेही लिहा, जमल्यास फोटो जोडा. जिल्हा परिषदेची शाळा, एसटी स्टँड, न्हाणीघर, उतरंड हे शब्द चित्रकाराला माहीत असतीलच असं धरून चालू नका. पुण्यात वाढलेल्या वीस वर्षांच्या मुलीने उतरंड पाहिलेली नसते. मात्र कुठला क्षण काढायचा हे तिलाच ठरवू द्या. लेखिकेला वाटतो तो कळसाचा प्रसंग बहुधा चित्राला चांगला नसतो, त्याच्या आधीचा क्षण चांगला असतो. विहिरीत पडलेल्या मुलापेक्षा काठावर वाकलेलं मूल मुलांना पान उलटायला लावतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मूळ फाइल थरांसकट (लेयर्ससकट) घ्या. लांब बाजू निदान ३,००० पिक्सेल हवी, म्हणजे पुढे पोस्टकार्डं छापायला अडचण येत नाही. स्थळावर टाकताना वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात बदलून वजन कमी करा, कारण तुमचे बरेच वाचक आईबाबांच्या मोबाइलवर, मोजक्या डेटावर वाचणार आहेत. चित्र उभ्या मोबाइलच्या पडद्यावर कापलं गेलं तरी चेहरा राहील अशी रचना आधीच सांगा. प्रत्येक चित्राला एका वाक्याचं वर्णनही लिहा, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे ते दृष्टिहीन मुलांना ऐकू येतं. हे वर्णन लेखिकेनेच लिहावं, त्यात गोष्टीचा सूर येतो.

आता हक्कांबद्दल जरा सविस्तर, कारण नवी स्थळं नेमकी इथेच अडकतात आणि अडकल्याचं त्यांना दोन वर्षांनी कळतं.

पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं, असं नसतं. प्रताधिकार कायदा १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः ती करणारा कलावंतच असतो. मोबदला देऊन करून घेतलेली छायाचित्रं, रंगचित्रं, व्यक्तिचित्रं यांच्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण गोष्टीतलं रेखाटन तिच्यात बसतं का यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. वादाला जागाच ठेवू नये. दोन पानांचा मराठीतला करार करा आणि दोघांच्या सह्या घ्या.

त्या करारात तीन गोष्टी राहून गेल्या तर कायदा त्या स्वतः भरतो, आणि त्याने भरलेलं तुमच्या सोयीचं नसतं. मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरता दिला असं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता धरला जातो, आणि तुमचं स्थळ तर सिंगापूर आणि न्यू जर्सीतल्या मराठी मुलांपर्यंतही पोचणार आहे. तिसरी गोष्ट सुरू व्हायच्या बेतात असलेल्या प्रत्येक स्थळाने लक्षात ठेवावी: मिळालेला हक्क एका वर्षाच्या आत वापरला नाही तर तो संपुष्टात येतो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. सुरुवात पुढे पुढे ढकलली जाते हे आपण सगळे जाणतो. म्हणून मुदत, ‘जगभर’ हा शब्द, आणि ‘वापराला उशीर झाला तरी हक्क कायम’ हे वाक्य, तिन्ही लिहाच.

सगळे हक्क कायमचे विकत घेऊ नका. त्याचे पैसे जास्त पडायला हवेत, आणि तुम्हाला त्यांची गरजही नाही. संकेतस्थळावर आणि त्याच्या प्रसिद्धीत वापरण्याचा हक्क घ्या, ठरावीक वर्षं इतर कुठल्या बालसाहित्याच्या स्थळाने तेच चित्र वापरू नये अशी अट घाला, पोस्टकार्डं छापण्याचा हक्क वेगळा लिहा आणि त्यात चित्रकाराचा वाटा ठेवा. पुढे पुस्तक निघालं तर त्याचे पैसे नव्याने ठरतील असं आत्ताच नोंदवा. चित्राखाली चित्रकाराचं नाव द्या, गोष्टीच्या लेखिकेइतक्याच ठळक अक्षरात. आपलं नाव असण्याचा आणि चित्राची मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार कायद्याने कलावंताकडेच ठेवलाय.

पैसे तीन टप्प्यांत द्या: एक तृतीयांश आगाऊ, एक तृतीयांश कच्चं रेखाटन मंजूर झाल्यावर, उरलेले अंतिम फाइल हातात आल्याच्या आठवड्यात. दुरुस्त्या कच्च्या रेखाटनावर सांगा, रंगवून झाल्यावर नको. तुम्ही मध्येच काम थांबवलंत तर तोवरचे पैसे चित्रकाराचेच. पुढे कंपनी किंवा भागीदारी संस्था नोंदवलीत की मानधनावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापायची जबाबदारी येऊ शकते. तो प्रश्न चार्टर्ड अकाउंटंटला विचारा, आणि कापणार असाल तर चित्रकाराला आधी सांगा. खात्यात कमी पैसे आलेले पाहून त्याला ते कळू नये.

इंटरनेटवर शोधून सापडलेली चित्रं तशीच उचलू नका, हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणूनच तुम्ही विचारलंत. पण मोकळेपणाने वापरता येतील अशीही पुष्कळ चित्रं आहेत. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर भारतीय चित्रकारांनी काढलेली मुलांच्या गोष्टींची चित्रं खुल्या परवान्यात आहेत. चित्रकाराचं नाव, मूळ दुवा आणि परवान्याचं नाव दिलंत की ती व्यावसायिक स्थळालाही चालतात. अशा खुल्या परवान्यांना क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणतात, त्यांतल्या बाकीच्या परवान्यांत मात्र अटी नीट बघा. ‘अव्यावसायिक’ अट असलेलं चित्र घेतलंत आणि पुढे जाहिराती सुरू केल्यात तर ते चित्र काढावं लागेल. ‘बदल नको’ अट असेल तर ते कापून मोबाइलसाठी उभंही करता येणार नाही.

जुन्या चित्रकारांच्या बाबतीत साधा नियम असा की भारतात हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली. त्यांचं काम मोकळं झालंय, आणि रविवर्मा छापखान्याच्या शिळाछापाच्या प्रती परदेशी संग्रहालयांनी उत्तम दर्जात स्कॅन करून ठेवल्यात. पण दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ च्या अखेरपर्यंत आहे. जुन्या दिवाळी अंकातलं त्यांचं चित्र कितीही मोह पाडणारं असलं तरी परवानगीशिवाय घेऊ नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली आणि स्मिथसोनियनने २०२० साली लाखो प्रतिमा खुल्या केल्या. पक्षी, झाडं, किडे यांची जुनी शास्त्रीय चित्रं हवी असतील तर तिथे तास न् तास घालवण्यासारखे आहेत. ही चित्रं ‘आमच्याबद्दल’सारख्या पानांना, विभागांच्या मथळ्यांना, सणांच्या टिपांना वापरा. गोष्टींना नको. गोष्टीचं चित्र त्या गोष्टीसाठीच जन्मलेलं असावं.

एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मुलांच्या मराठी गोष्टींना ते वापरू नका. नऊवारीचा काष्टा, जात्याचा खुंटा, बैलगाडीचं जू या गोष्टी तिथे अनेकदा चुकतात, फलकावरचं देवनागरीही बऱ्याचदा बिघडतं, आणि मुलं चुकीचंच खरं मानून शिकतात. केवळ यंत्राने बनवलेल्या चित्राला अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने संरक्षण नाकारलंय, म्हणजे तुमच्या स्थळाचा चेहरा तिथे कुणीही उचलून नेऊ शकेल. शिवाय तुम्हाला पुढे ज्या चित्रकारांच्या दारात जायचंय, ते हे पाहणार आहेत.

आता पैसे. उरलेल्या २८ गोष्टींना, दर गोष्टीला ४,५०० रुपये धरून, १ लाख २६ हजार लागतील. हा आकडा ऐकून घाबरू नका, त्याचे तुकडे करा.

पहिला मार्ग पोस्टकार्डांच्या संचाचा. तयार झालेल्या १२ चित्रांची १२ कार्डं, संच ५०० रुपयांना. समजा छपाई, पाकीट आणि टपाल मिळून १५० रुपये गेले आणि चित्रकारांचा वाटा ५० रुपये ठेवला, तर हातात ३०० राहतात. सगळी रक्कम यातूनच उभी करायची म्हटली तर ४२० संच विकावे लागतील. नव्या, अनोळखी स्थळाला ते जड जाईल.

दुसरा मार्ग एकेक गोष्ट पुरस्कृत करण्याचा. ४,५०० रुपये देणाऱ्याचं नाव त्या गोष्टीखाली कायम राहील, ‘या गोष्टीची चित्रं अमुक यांच्या सौजन्याने’. यासाठी २८ माणसं पुरतात, आणि अशी १५ माणसं मिळाली तरी ६७,५०० रुपये होतात. उरलेल्या ५८,५०० साठी १९५ संच. हे दोघींच्या आवाक्यातलं आहे.

पैसे देऊन आश्रय देण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांच्या नावांच्या याद्या छापलेल्या सापडतात. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून ठेवणारा वाचक आजही आहे. दिवाळी अंक तर आगाऊ ठरलेल्या जाहिरातींच्या बळावरच उभा राहतो. चित्रं विकून लोकांपर्यंत जाणंही नवं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात काढलेल्या चित्रशाळा छापखान्याची रंगीत चित्रं घरोघरी भिंतींवर लागली होती. मराठी माणूस छापील कामाला पैसे देत नाही हे मला पटत नाही. त्याला नेमकं काय मिळणार आणि पैसा कुठे जाणार हे सांगितलं की तो देतो. म्हणून ‘आमच्या उपक्रमाला मदत करा’ असं मोघम मागू नका. ‘तेराव्या गोष्टीचं चित्र अमुक चित्रकार काढणार आहे, त्याचे साडेचार हजार हवेत’ असं मागा, आणि सोबत आधीच्या १२ पैकी एक चित्र पाठवा.

कुणाकडे जावं? जे दिवाळी अंकाला जाहिरात देतात त्यांच्याकडे: गावातले सराफ, पुस्तकांची दुकानं, मुलांचे डॉक्टर, सहकारी पतपेढ्या. तुमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जा. आजी-आजोबांकडे जरूर जा, नातवाच्या वाढदिवसाला गोष्ट पुरस्कृत करणं त्यांना फार आवडतं. एक अट मात्र सगळ्यांना पहिल्याच भेटीत सांगा, की पुरस्कर्त्याला गोष्टीत किंवा चित्रात बदल सुचवता येणार नाही. वेफर्स आणि थंड पेयांचे पैसे मुलांच्या स्थळाने घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

लोकवर्गणीच्या मोठ्या व्यासपीठांचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. किकस्टार्टर भारतातल्या उपक्रमांना मोहीम सुरू करू देत नाही, आणि केटो-मिलाप इथे मुख्यतः आजारपण आणि सामाजिक मदतीची आवाहनं असतात, तिथे गोष्टींची चित्रं हरवून जातील. स्वतःच्याच स्थळावर एक पान करा, यूपीआयचा कोड ठेवा, आणि किती गोष्टींचे पैसे जमले हे रोज अद्ययावत करा. नफ्यात वाटा देतो असं कुणालाही सांगू नका, असं खुलं भागभांडवल गोळा करणं भारतात नियमबाह्य आहे. आणि वैयक्तिक खात्यात नातेवाईक नसलेल्यांकडून ‘भेट’ म्हणून वर्षाला ५० हजारांच्या वर रक्कम आली तर ती करपात्र ठरते. त्यामुळे वेगळं खातं उघडा, प्रत्येक रकमेची पावती द्या, जमा आणि चित्रकारांना दिलेले पैसे दोन्ही लिहून ठेवा.

अमेरिकेच्या पैशाबद्दल काळजीपूर्वक वाचा. मंडळ ही परदेशी संस्था आहे. सांस्कृतिक किंवा शैक्षणिक उपक्रमासाठी तिच्याकडून देणगी घ्यायची तर परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि नोंदणीसाठी साधारण तीन वर्षांचं चालू काम दाखवावं लागतं. तो मार्ग तुम्हाला आज जवळपास बंदच आहे. भावाने लोकांकडून गोळा करून स्वतःच्या नावाने पाठवणं ही पळवाट आहे, ती घेऊ नका. पण भावाने बहिणीला स्वतःचे पैसे देणं वेगळं. नातेवाइकाकडून आलेली रक्कम कायद्याने मोकळी ठेवलीय, त्याने नागरिकत्व बदललेलं असलं तरी, आणि वर्षाला १० लाखांपर्यंत सरकारला कळवावंही लागत नाही. तिथल्या ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेलं परदेशी योगदान धरलं जात नाही. प्रत्येकाला पैसे घेण्याआधी हे विचारा आणि उत्तर लेखी ठेवा. मंडळाने मदत करायचीच तर आपल्या मराठी शाळांतल्या मुलांना तुमच्या गोष्टी वाचायला द्याव्यात. ती मदत पैशाहून कमी नाही.

अनुदानांवर सुरुवात टांगू नका. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाप्रकल्पांना पैसे देतं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पुस्तकांना अनुदान देतं. दोन्हीकडे अर्ज आणि छाननीत महिने जातात. वर्षभराचं काम दाखवता येईल तेव्हा अर्ज करा.

राहिली दिवाळीची तारीख. ती बदला. श्रावण ते आश्विन हे महिने मराठी चित्रकारांच्या सगळ्यात धावपळीचे, दिवाळी अंकांची कामं तेव्हाच असतात. त्या वेळी तुम्हाला चांगला माणूस मिळणार नाही, मिळाला तर शीण आलेला मिळेल. दिवाळी झाली की हेच हात मोकळे होतात आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत दोघा-तिघांना १२ गोष्टींची चित्रं निवांत करता येतात. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला स्थळ सुरू करा. त्या आठवड्यात शाळा स्वतःहून मराठीचे कार्यक्रम शोधत असतात. तोवर दिवाळी अंक बाजारात आले की दोघी मिळून दहा-बारा विकत घ्या, आतली चित्रं बघा, आणि सह्यांची यादी करायला लागा.